भिंत बघायला येणारे गुणाबाब

गुणाबाबनी माझ्या झेरॉक्स मशीनला उभ्या जन्मात एकदाही चांगलं म्हटलं नाही. डिचोलीच्या बाजारात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. माझ्याकडे सकाळपासून रांग, कोणाचा जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कोणाचा शाळेचा दाखला, कोणाचं रेशनकार्ड. त्यांच्याकडे दिवसाला एक माणूस आला तर आला. तरी ऐट कोणाची? त्यांची! माझ्या दारात हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, मशीनमधून सरसर पडणारे कागद बघायचे आणि म्हणायचे, "वयनी, ही तुमची मशीन सांवळी काडटा." सांवळी म्हणजे सावली. मी भडकायचे. "त्या सावलीवर माझं घर चालतं हो गुणाबाब. तुमच्या उजेडावर काय चालतं तेवढं सांगा." त्यावर गालातल्या गालात हसायचे आणि परत जाऊन हात धुवायचे.

हे हात धुणं आधी सांगायला हवं, कारण त्याशिवाय गुणाबाब म्हणजे काय ते कळायचं नाही. कागदाला हात लावायच्या आधी मागच्या मोरीत जाऊन साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे. एकदा नाही, दोनदा. मग स्वतःचा वेगळा टुवाल, ज्याला बाकी कोणी शिवायचं नाही. मग पांढरे सुती हातमोजे. मला वाटायचं, हा माणूस आता कोणाचं तरी पोट फाडायला निघालाय. मी एकदा सहज त्यांच्या टेबलावरच्या कागदाकडे बोट नेलं, तर इतक्या मोठ्याने ओरडले, "हात लावूं नाका!" की समोरचा भाजीवाला उठून बघायला आला. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी चहा घेऊन आले आणि म्हणाले, "वयनी, बोटाचें तेल कागदार रावता. आज दिसना, धा वर्सांनी दिसता." दहा वर्षांनी दिसणाऱ्या डागासाठी आज भांडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता, ते करत काय होते? ते चित्रं छापायचे. देवादिकांची नव्हेत, बर्फाच्या डोंगरांचीही नव्हेत. दीडेकशे वर्षांमागे युरोपात काही चित्रकार झाले, त्यांनी राजेराण्या आणि पऱ्या सोडून कामावर गेलेली माणसं रंगवली. शेतात वाकलेल्या बायका, धान्य पाखडणारा गडी, कपड्यांचं बोचकं पाठीवर घेऊन घाट चढणारी धोबीण. गुणाबाब समजावून सांगायचे ते एवढंच, "जें आसा तें. चड ना, उणें ना." जे आहे ते, जास्त नाही, कमी नाही. त्या चित्रांच्या चांगल्या प्रती परदेशातली संग्रहालयं आता कोणालाही फुकट घेऊ देतात, त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि कापसाच्या जाड कागदावर छापायच्या. बोलायला सोपं. एक चित्र छापायच्या आधी ते बोटभर रुंदीच्या वीस-वीस पट्ट्या छापायचे, दारात उन्हात धरायचे, सावलीत धरायचे, ट्यूबखाली धरायचे. मला हाक मारायचे. "वयनी, ह्या दोगांत फरक दिसता?" मला मेलं काही दिसायचं नाही. "दोन्ही सारख्याच," मी म्हणायचे. "ही हळदुवी मारता," असं म्हणून त्यातली एक ते टाकून द्यायचे.

मूळचे ते चित्रकलेतले नव्हतेच. खाणीच्या कचेरीत नकाशे काढायचे, ड्राफ्ट्समन. शिरगाव, मुळगाव, मये, सगळीकडचे डोंगर त्यांनी कागदावर उतरवलेले. कुठे किती खोल खणलं, ट्रकचा रस्ता कुठून गेला, माती कुठे टाकली, सगळं रेघेत. खाणी बंद पडल्या तेव्हा कचेरीतलं नकाशे छापायचं मोठं यंत्र भंगारात निघालं. गुणाबाब ते घरी घेऊन आले. पार्वतीबाय, त्यांच्या घरच्या, मला सांगायच्या, "लोकांचे घोव नोकरी गेल्यार रडटात. म्हजो घोव मशीन हाडून सालांत बसलो." साल म्हणजे घरातला हॉल. तिथे ते यंत्र बसल्यावर पाहुण्यांना बसायला दारापुढच्या बाल्कांवातच कदेलं, म्हणजे खुर्च्या, मांडाव्या लागल्या, म्हणून मग बाजारातला हा गाळा. पुढे त्यांनी चांगलं यंत्र घेतलं, बारा शाईंचं, पण जुनं टाकलं नाही. त्याच्यावर पट्ट्या वाळत घालायचे.

मी एकदा विचारलं होतं, एवढी चित्रं जगात पडली आहेत, तुम्ही हीच का धरून बसलात? त्यांनी कटर खाली ठेवला. म्हणाले, "वयनी, तीस वर्सां हांवें दोंगर काडले. एकाय नकाशांत मनीस काडूंक ना." एवढं बोलून कटर उचलला आणि परत पट्ट्या कापायला लागले.

त्यांच्याकडून चित्र घ्यायचं तर आधी ते घरी येऊन भिंत बघायचे. मुलगी बघायला येतात तसे. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पिशवीत टेप, ओळंबा आणि डबीत बुचं. फेणीच्या बाटल्यांची बुचं ते जमवायचे, त्यांच्या चकत्या कापून चित्राच्या मागच्या चार कोपऱ्यांना चिकटवायचे, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल चित्राला लागत नाही. स्वतः थेंबाला शिवायचे नाहीत, पण बुचांसाठी बारवाल्यांशी दोस्ती. घरात आले की भिंतीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि अर्धा तास गप्प. घरच्या बाया घाबरून जायच्या, आमच्या भिंतीत असं काय दिसलं या माणसाला? मग उठून विचारायचे, "दनपारचें वोत हांगा मेरेन येता?" दुपारचं ऊन येत असेल तर नाही म्हणून सांगायचे. फ्रिज शेजारी असेल तर नाही. टीव्हीच्या वर लावायचं म्हणालात तर चहाही न घेता उठायचे.

मयेच्या तळ्याकाठी एकाने पाहुण्यांसाठी मोठं घर बांधलं. तो दुकानापुढे गाडीतून उतरला तोच आठ चित्रांची यादी घेऊन. पण म्हणाला, आभाळ जरा निळं करा, ही माणसं फार थकलेली दिसतात, पाहुणे सुट्टीला येणार. गुणाबाब शांतपणे म्हणाले, "मळब हांवें रंगोवंक ना." आभाळ मी रंगवलेलं नाही. तो म्हणाला, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की होतं. "जाता," गुणाबाब म्हणाले, "म्हणून तर दामना." होतं, म्हणून तर दाबत नाही. तो माणूस वैतागून गेला. मी कपाळावर हात मारला. आठ चित्रं हो! महिन्याभराने तो परत आला, निळं आभाळ न मागता. तेव्हा गुणाबाब त्याच्याकडे जाऊन भिंती बघून आले आणि त्यांनी एकच चित्र दिलं, तेसुद्धा पाहुण्यांच्या हॉलसाठी नाही, मागच्या रांधपाच्या खोलीसाठी. बाकीच्या भिंतींवर ऊन येत होतं म्हणे. तो माणूस नंतर मला सांगत होता, भाकऱ्या थापणाऱ्या त्याच्या दोन बाया आता जेवण झालं की त्या चित्रासमोरच बसतात, हलत नाहीत.

माणसाच्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नसायचं. चित्रातल्याही नाही आणि खऱ्याही नाही. "तोंडार वचूं नाका वयनी, फाट पळयात," म्हणायचे. तोंडावर जाऊ नका, पाठ बघा. "फाट फट मारिना." फट म्हणजे खोटं. हे एक त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि म्हटल्यावर स्वतःच खूश व्हायचे. स्वतःचा फोटो काढू द्यायचे नाहीत. कोणी मोबाइल वर धरला की काहीतरी शोधत असल्यासारखे टेबलाखाली वाकायचे.

माझं माहेर पेडण्याचं. भावाने हॉल नवा केला तेव्हा मी हौसेने गुणाबाबकडचं एक चित्र दिलं, कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायकांचं. गुणाबाब भिंत बघायला पेडण्यापर्यंत आले, हात धुऊन, ओळंबा लावून चित्र टांगलं आणि जाताना सगळ्यांना बजावलं की चित्राला फूल घालायचं नाही, कुंकू लावायचं नाही, उदबत्ती तर नाहीच नाही. हे ते प्रत्येक घरात बजावायचे. आपल्याकडे भिंतीवर तसबीर चढली की ती एक तर देव नाहीतर गेलेलं माणूस, त्यामुळे हात आपोआप फुलाकडे जातो. पावसानंतर ओल आली का बघायला ते परत गेले तेव्हा मी बरोबर होते. दारातूनच त्यांना दिसलं. तिघींच्या कपाळाच्या जागी काचेवर कुंकू, आणि चौकटीच्या वर जास्वंद.

गुणाबाबचा चेहरा लाल झाला. खिशातला रुमाल काढून काच पुसायला लागले. "आये, हीं चित्रां! देव न्हय हे! मेल्लीं मनशां न्हय!"

माझी आई पाटावर बसून ओल्या काजूच्या बिया सोलत होती. पंचाऐंशी वर्षांची, पण जीभ माझ्यापेक्षा धारदार. ती म्हणाली, "देव नाय मां? मगे तू त्येंका हात लावच्या आदी हात कित्याक धुतंस रे?"

गुणाबाबनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मला हसू आवरेना, पण त्यांचं तोंड बघून मी तोंडात पदर घातला. डिचोलीला परतल्यावर दुकानाचं शटर उघडताना म्हणाले, "तुमची आवय खूब शाणी."

त्यांच्याकडे एक चित्र होतं, जे त्यांनी कधी पूर्ण छापलं नव्हतं. रस्त्याकडेला खडी फोडणारी दोन माणसं. एक म्हातारा, एक ढोपर जमिनीवर टेकून, हातोडा उचललेला, टोपीच्या सावलीत चेहरा बुडालेला. दुसरा तरुण, पाठमोरा, दगडांची पाटी उचलतोय. दोघांचंही तोंड दिसत नाही. हे मूळ चित्र आता जगात नाही. दुसऱ्या महायुद्धात जळून गेलं. राहिले ते जुने फोटो, एकात रंग तपकिरी, दुसऱ्यात हिरवट. खरा कोणता, सांगणार कोण? गुणाबाब वर्षानुवर्षं त्याच्या पट्ट्या छापत होते. बाकी चित्रांचं मूळ कुठेतरी भिंतीवर आहे, जाऊन ताडून बघता येतं. "हाचें मूळ ना वयनी. मूळ ना तेन्ना फट मारपाक भंय दिसता." शिवाय मूळ चित्र जवळजवळ माणसाएवढं उंच आणि त्याच्या दीडपट रुंद, आणि गुणाबाबचा हट्ट एकास एक छापायचा. एवढ्या रुंदीचा कागद त्यांच्या मशीनला लागत नव्हता. म्हणून त्यांनी नमुन्याला एक लहान प्रत छापून टेबलाच्या कडेला उभी केली होती, विकायला नाही.

अशा दिवसांत शेवंती आली. आली माझ्याकडे. मुळगावची, नवरा टिप्पर चालवतो. मूळ घर दोडामार्गाकडचं, बाप खाणीत कामाला म्हणून इकडे आला आणि इथलाच झाला. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक कागद काढला, बापाचा खाणीचा गेटपास. "वयनी, ह्यो फोटो मोठो करून देवा. बाबांचो येकच आसा." मी बघितलं. फोटोला पाणी लागलेलं. शर्टाची कॉलर होती, एक कान होता, मधे नुसता पांढरा डाग.

आणि मी काय बोलले असेन? रांग होती, शाई संपत आली होती, मी म्हटलं, "अगं, यात तोंडच नाही. नसलेलं मोठं कसं करू? डाग मोठा होईल."

आजही ते आठवलं की माझी मला चीड येते. तिने कागद घडी न करता परत पिशवीत ठेवला. मग हळूच सांगायला लागली, मला नाही, काउंटरला. बाप गेला मागच्या वर्षी. बाराव्याला फोटो नव्हता म्हणून खुर्चीवर नारळ ठेवला. पाहुणे येऊन विचारत होते, नमस्कार कोणाला करायचा? आता पंधरा दिवसांनी वर्षश्राद्ध, घरही नवं बांधलंय, हॉलची भिंत मोकळी. सगळ्यांच्या घरात बाप भिंतीवर आहे, तिच्या घरात नाही. एवढं सांगून ती निघाली, आणि गुणाबाबच्या दारापुढून जाताना थांबली.

किती वेळ उभी होती माहीत नाही. मला तिचा आवाज ऐकू आला. "ह्यो माजो बापूस."

मी धावत गेले. ती टेबलाच्या कडेच्या त्या नमुन्यासमोर होती. गुणाबाब हातमोजे घालून उभे. "कशावयल्यान?" त्यांनी विचारलं, कशावरून.

"ढोपरावरून," ती म्हणाली. "असोच बसायचो. येक ढोपर भुईर, येक वर. मशीन नव्हती तेव्हा आई नि तो दगड फोडी. खाणीत काढलास हो फोटो? तुमी खाणीच्या हापिसात होतास मां?"

मी तोंड उघडलं. अगं बाई, हा फ्रान्समधला, टोपी बघ, खडावा बघ! पण गुणाबाबनी माझ्याकडे न बघता हात वर केला, आणि मी तोंड मिटलं. ते तिला म्हणाले, "बाय, फाल्यां वणट पळोवंक येतां." उद्या भिंत बघायला येतो.

मला रात्रभर त्याचीच काळजी. हा माणूस कधी आभाळ निळं करत नाही, तो उद्या त्या पोरीला सांगणार, हा तुझा बाप नाही. आणि नाही सांगितलं, तर तो गुणाबाब नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर मुळगावला गेले. गरज नव्हती. टेपचं दुसरं टोक धरायला म्हणून गेले, असं सांगितलं.

नवं घर, गिलाव्याचा वास. हॉलच्या मोठ्या भिंतीसमोर तिने प्लास्टिकची खुर्ची मांडली. गुणाबाब बसले. अर्धा तास. चहा गार झाला, त्यावर साय धरली. शेवंती दाराच्या चौकटीला टेकून उभी, मी दुसऱ्या बाजूला. शेवटी ते उठले नाहीत, बसूनच म्हणाले, "बाय, हो तुजो बापूय न्हय. हो पयस एका देशांतलो. दीडशें वर्सांचेर जालीं. चित्र तें, फोटो न्हय."

मी डोळे मिटले. आता ही रडणार.

"म्हायती आसा," शेवंती म्हणाली. "काल दारात उभी होतंय तेव्हा फोटोच दिसलो. घराक येयसर समाजला. येवढी खुळी नाय मी. बाबा टोपी घालायचो नाय." ती भिंतीकडे वळली. "पण पाठ तीच." मग तिने विचारलं, "त्या माणसाच्या घरात लावल्यानी आसतलो तो फोटो?"

"ना. ताचें नांवूय कोणाक खबर ना. आनी मूळ चित्र जळ्ळां."

"मगे त्येका फूल कोण घालता?"

गुणाबाबनी मान हलवली. "कोण ना."

"मगे मी घालतंय," शेवंती म्हणाली.

एवढंच. एकही शब्द वाढवून नाही. गुणाबाब उठले, टेप काढला, आणि भिंतीची मापं घ्यायला लागले. मी दुसरं टोक धरलं. खरंच धरावं लागलं, कारण एवढी लांब भिंत एकट्याला मोजता आली नसती.

पुढचे बारा दिवस त्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून कोणी कामात कुचराई केली की मला सहन होत नाही. चित्र पूर्ण मापात, दोन कागदांवर, मधे सांधा. "नकाशाचे कागद जोडल्यात ते हांवें," म्हणाले. डोंगराची रेघ एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना केसभर चुकली तर ट्रक दरीत जातो, त्याच हाताने आता खडीचे ढीग जुळवायचे होते. दोन माणसांच्या मधल्या सावलीत त्यांनी सांधा नेला. तीन वेळा छापून तीन वेळा टाकलं. रंगाचं कसं ठरवलं, मी विचारलं. तर शेवंतीला बोलावून त्यांनी दोन पट्ट्या दाखवल्या होत्या, तपकिरी आणि हिरवट, आणि विचारलं होतं की दिवसभर दगड फोडल्यावर बापाचा शर्ट कसा दिसायचा. आमची धूळ तांबडी, तिथली पांढरी, ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली होती, रंग नाही सांगता येत, पण घाम सुकला की कापड जड दिसायचं. दोन्हींतल्या ज्या पट्टीत कापड जड दिसत होतं, ती त्यांनी घेतली. एवढी वर्षं अडलेलं चित्र त्या एका शब्दावर सुटलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी आम्ही मुळगावला गेलो. दोन्ही कागद फळीवर चढवायचे ते तिथेच, जमिनीवर. कागदाची कड कागदावर ठेवून, पट्टी धरून, दोन्ही एकदम एकाच ओढीत कापायचे. कटर मधे थांबला तर संपलं. गुणाबाबनी हात धुतले, हातमोजे चढवले, आणि जमिनीवर बसले. एक ढोपर टेकून, एक वर. पाठ माझ्याकडे. श्वास रोखलेला. पांढऱ्या शर्टावर मधोमध घामाचा ओला पट्टा. आईला दाखवावं म्हणून मी मोबाइल काढला आणि एक फोटो घेतला. कटरची ओढ संपेपर्यंत त्यांना कळलं नाही, नाहीतर टेबल नव्हतं तरी वाकले असते.

चित्र भिंतीवर चढलं. बुचांच्या चकत्यांवर, ओळंब्याने, सरळ. मी सांधा शोधला. मला माहीत होतं तो कुठे आहे, तरी सापडला नाही. दोन माणसं त्या हॉलमध्ये खरोखर काम करत होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी काही लवकर भारावणारी बाई नव्हे.

शेवंतीने झेंडूच्या दोन माळा करून ठेवल्या होत्या. एक म्हाताऱ्याला. दुसरी त्या पाठमोऱ्या तरुणाला. "ह्येचा पण कोण नसतला," ती म्हणाली. मी गुणाबाबकडे बघितलं. घराघरांत बजावत फिरलेला माणूस, चित्राला फूल घालायचं नाही. त्यांनी पिशवीतून दोन बारीक खिळे काढले, चौकटीच्या वर बरोबर अंतर मोजून ठोकले. मग हातमोजे काढले. मागे जाऊन पुन्हा हात धुऊन आले, आणि शेवंतीच्या हातातली माळ घेऊन स्वतः घातली. हात जोडून पुटपुटले ते मला ऐकू आलं. "म्हज्या नकाशांत तुमकां जागो नाशिल्लो." माझ्या नकाशात तुम्हाला जागा नव्हती.

येताना मी स्कूटर चालवत होते, ते मागे बसले होते. आम्ही दोघंही रडत होतो, पण वारा होता, त्यामुळे चाललं.

पुढच्या पावसाळ्यात गुणाबाब गेले. दुकानातच, पट्ट्या वाळत घालताना. चौथ्या दिवशी पार्वतीबाय माझ्याकडे आल्या, हातात गुणाबाबचं मतदानाचं ओळखपत्र. बाराव्याला फोटो हवा होता, दुसरा नव्हताच. मी मोठा करून दाखवला. कोणीतरी ओठ घट्ट मिटलेला, चोरासारखा माणूस. आम्ही दोघी बघत बसलो. "हे न्हय," पार्वतीबाय म्हणाल्या. मला तरी कुठे ते वाटत होते?

मग मला मोबाइल आठवला. मी फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. एक ढोपर भुईवर, एक वर, शर्टावर ओला पट्टा. पार्वतीबायनी चष्मा वर केला, खाली केला. पदराचं टोक तोंडाला लावलं. "हेच ते," म्हणाल्या.

त्यांची ती बारा शाईंची मशीन शेजारीच होती, पण ती चालवणारं कोणी नव्हतं. माझ्याकडे माझीच होती, सावली काढणारी. मी मोबाइल तिला जोडला आणि मोठ्यातला मोठा कागद काढला. आणि तो मशीनमध्ये घालायच्या आधी मागच्या मोरीत गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.